दोनदा वाजलं की एस: नानांच्या लॅपटॉपचं प्रकरण

नाना अमळनेर तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्राचा हिशोब ठेवतात. सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध आलं, कुणाची फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल किती झालं, हे सगळं ते लॅपटॉपवर करतात. नववीत असताना त्यांची दृष्टी गेली. आज ते ५४ वर्षांचे आहेत आणि गेली बारा वर्षं एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करत आले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते फुकट मिळतं, म्हणूनच ते खेड्यातल्या माणसापर्यंत पोचलं. मी अमळनेरला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. नाना माझे विद्यार्थी कधीच नव्हते. उलट कीबोर्डचे निम्मे शॉर्टकट मी त्यांच्याकडून शिकलो.

२०२५ च्या दिवाळीनंतर त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. नानांनी आवाजावरूनच ओळखलं की ही आता जाणार. त्यांनी लॅपटॉप एका दुकानात दुरुस्तीला दिला. चार दिवसांनी तो परत आला: नवी एसएसडी (न फिरणारी, आवाज न करणारी डिस्क), नवं विंडोज १०, ‘एकदम ओके’. घरी आणून चालू केला तर पंख्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. एनव्हीडीए नव्हता. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू करण्याच्या कळा त्यांना पाठ होत्या. त्या दाबल्या तर तोही मुका. साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही, हे नंतर मी पाहिलं. दुकानात दोन चकरा झाल्या. दुसऱ्या चकरेला काउंटरवरून त्यांना सांगितलं गेलं, “घरातलं कुणी डोळस माणूस घेऊन या. तुम्हाला दाखवून काय उपयोग?”

त्या दिवशी नाना तिथून थेट माझ्या क्लासवर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मास्तर, मला विंडोज टाकून देऊ नका. टाकायला शिकवा. काहीही टाकू, पण माझ्या हाताने.”

त्यानंतरच्या पाच संध्याकाळी आम्ही याच कामात घालवल्या. त्यांची ही नोंद आहे. चुकलेलंही लिहितो आहे, कारण जे चुकलं त्यातूनच खरी अडचण कुठे आहे ते कळलं.

शांततेची दोन मिनिटं

स्क्रीन रीडर हा एक प्रोग्राम आहे. तो चालायला आधी ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहावी लागते, साउंड कार्डाचा ड्रायव्हर लागावा लागतो, मग आवाज येतो. त्याआधीचं सगळं, म्हणजे बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर), बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी), पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडीवरचा पहिला मेनू, हे फक्त पडद्यावर दिसतं. डोळस माणूस त्या दोन मिनिटांत चहाचा घोट घेतो. अंध माणसाला तेव्हा कळत नाही की मशीन काम करतंय, अडकलंय, की त्याच्या उत्तराची वाट पाहतंय. शांतता तिन्ही वेळा सारखीच असते.

नानांनी एक गोष्ट सांगितली ती मला आधी कधी सुचली नव्हती. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह होता. डिस्क टाकली की ते ट्रेवर तळहात ठेवायचे. डिस्क जोरात फिरू लागली की समजायचं, वाचतंय. फिरणं मंदावलं की समजायचं, मेनूवर येऊन थांबलंय. मग एंटर. कुणीही ती डिस्क अंधांसाठी बनवलेली नव्हती, पण तिच्या अंगात हालचाल होती आणि ती हाताला कळत होती. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतो, बोटाला काहीच लागत नाही. सगळं जग डिस्कवरून पेनड्राइव्हवर गेलं तेव्हा वेग वाढला, जागा वाढली, आणि नानांच्या तळहाताखालची ती खूण गेली. याची नोंद कुठेही झाली नाही.

बोलणाऱ्या डिस्कची कल्पना तशी नवी नाही. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स नावाची सीडीवरूनच चालणारी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, काढली. पुढे त्यांनी तिच्यात एड्रियान नावाची बोलणारी व्यवस्था घातली. ती त्यांच्या दृष्टिबाधित पत्नीच्या नावाने आहे. घरातल्या माणसाची गरज समोर होती म्हणून ते झालं.

पहिल्या दोन संध्याकाळी

नानांचा हात विंडोजवर बसलेला, म्हणून आधी विंडोजच. पण लॅपटॉप चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्यामुळे ते बाद. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. तरीही त्याचा पेनड्राइव्ह करून पाहिला, कारण इन्स्टॉल करतानाच कंट्रोल-विंडोज-एंटर दाबलं की नॅरेटर सुरू होतो, अशी सोय आहे. आम्ही दाबलं. पडद्यावर नॅरेटर आल्याचं मला दिसत होतं, आवाज मात्र नाही. इन्स्टॉलर ज्या छोट्या विंडोजवर चालतो तिच्यात मोजकेच साउंड ड्रायव्हर असतात, आणि नानांच्या मशीनचा त्यांत नव्हता. सोय होती, ती या मशीनवर पोचली नाही.

माझ्याकडे आणखी एक वाट होती. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ती पेनड्राइव्हवर ठेवायची, म्हणजे विंडोज काही न विचारता स्वतःच बसतं. मोठ्या ऑफिसांत असंच करतात. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे हा पेनड्राइव्ह चुकून दुसऱ्या मशीनला लागला, तर न विचारता त्याची डिस्क पुसेल?” पुसेल. मी तो विचार तिथेच सोडला. न बोलता डिस्क पुसणारी वस्तू अंध माणसाच्या खिशात देणं हा उपाय होऊच शकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप उभा राहिला की ऑल्ट-सुपर-एस दाबायचं, मग ऑर्का हा स्क्रीन रीडर सुरू होतो. सुपर म्हणजे विंडोजची कळ. मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून बसलो आणि सगळं नानांवर सोडलं. पंधरा मिनिटं गेली, आवाज नाही. शेवटी वळून पाहिलं तेव्हा चटकाच बसला. नाना कळ बरोबर दाबत होते. पण पेनड्राइव्ह संथ, ऑर्का उठायला वेळ लागायचा. आवाज येत नाही म्हणून नाना पुन्हा तीच कळ दाबायचे, आणि त्या कळीने ऑर्का चालूही होतो, बंदही होतो. प्रत्येक दुसऱ्या दाबाला ते त्याला स्वतःच झोपवत होते. पूर्ण तीन मिनिटं थांबून एकदाच दाबल्यावर ऑर्का बोलला.

काम झालं, पण ‘तीन मिनिटं थांबा’ हा आकडा कुठून आला? माझ्या डोळ्यांनी. दुसऱ्या मशीनवर तो दीड असेल किंवा पाच. नाना म्हणाले, “मी तयार आहे, एवढं त्याने मला सांगायला पाहिजे. मग पुढचं मी बघतो.” या प्रकरणात कामाचं एकच वाक्य निवडायचं असेल तर मी हेच निवडेन.

तिसरी संध्याकाळ: टुक टुक

डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये नानांनी मागितलेलं तेच आहे, आणि ते २०१३ च्या डेबियन ७ पासून आहे. मेनू समोर आला की मशीन वाजतं. जुन्या पद्धतीच्या बायोसवर एकदा, यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवर, दोनदा. हा आवाज साउंड कार्डातून येत नाही. मदरबोर्डवरच्या साध्या बीपचा तो आवाज असतो, त्याला ड्रायव्हर लागत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीही तो येऊ शकतो. वाजलं की एस दाबायचं, मग एंटर. पुढचा सगळा इन्स्टॉलर बोलत चालतो. अलीकडच्या आवृत्त्यांत तर कुठलीच कळ दाबली नाही तरी ३० सेकंदांनी बोलणारा इन्स्टॉलर आपोआप सुरू होतो. आम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ घेतलं.

आता काम नानांच्या घरी चाललं होतं. ओसरीवर लॅपटॉप, आत त्यांच्या आई भाकरी थापत होत्या. बूट मेनूसाठी त्या लॅपटॉपवर एफ-१२ दाबायचं आणि खालच्या बाणाने पेनड्राइव्हपर्यंत जायचं. पेनड्राइव्ह कितव्या ओळीवर येईल याचा भरवसा नाही. म्हणून मी बायोसमध्ये एकदाच जाऊन यूएसबीचा नंबर पहिला लावून दिला. पेनड्राइव्ह असेल तर तो, नसेल तर एसएसडी. नानांना हे आवडलं नाही. “हे तुम्ही केलंत,” ते म्हणाले. खरं होतं. तो मुद्दा आम्ही बाजूला ठेवला, पुढे त्याची वाट निघाली.

पॉवर दाबलं. नाना लॅपटॉपवर कान टेकून बसले. टुक टुक. इतका बारीक आवाज की पंखा जोरात असता तर मला ऐकूही आला नसता. नानांनी एस दाबलं, एंटर दाबलं.

पुन्हा शांतता.

इथे चूक माझी झाली. पडद्यावर ओळी पळताना दिसल्या, मग थांबल्या, आणि मी न राहवून एंटर दाबलं. मशीन मुकंच राहिलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा कारण समजलं. इन्स्टॉलरला एकाहून जास्त साउंड कार्डं सापडली तर तो आळीपाळीने एकेकावर बोलून पाहतो आणि सांगतो, तुम्हाला ऐकू येत असेल तर एंटर दाबा. त्या पिढीच्या इंटेल मशीनमध्ये बहुतेक वेळा पहिलं कार्ड एचडीएमआयचं निघतं, म्हणजे बाहेरच्या टीव्हीसाठीचं. आवाज अशा वायरीत चालला होता जी जोडलेलीच नव्हती, आणि मी एंटर दाबून तेच कार्ड कायम केलं. दुसऱ्या वेळी नानांनी माझा हात बाजूला केला. “ऐकू येईपर्यंत काही दाबायचं नाही.” काही सेकंद गेले आणि स्पीकरमधून यंत्राच्या आवाजातलं इंग्रजी आलं.

आतून आईंचा आवाज आला, “आते बोलना हाऊ!” आता बोलला हा. त्या नक्की कशाबद्दल म्हणाल्या ते विचारायचं राहिलं, पण ओसरीवर आम्ही दोघंही हसलो.

इथून पुढे माझं काम फारसं उरलं नाही. बोलणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये माउस नाही, रंगीत खिडक्या नाहीत. पर्याय नंबर लावून वाचले जातात, हवा तो नंबर टाइप करून एंटर. भाषा, देश, कीबोर्ड, पासवर्ड. इंटरनेटसाठी मोबाइल वायरीने जोडला. सगळ्यात जोखमीची पायरी डिस्क निवडायची. यादीत दोन डिस्क होत्या, एक एसएसडी आणि एक आमचाच पेनड्राइव्ह, आणि नावं ऐकायला जवळजवळ सारखी, एसडीए आणि एसडीबी. अक्षरांच्या नादाला न लागता नानांनी आकड्यांवर लक्ष ठेवलं. २४० जीबी म्हणजे एसएसडी, १६ म्हणजे पेनड्राइव्ह. मी ही युक्ती आता डोळस विद्यार्थ्यांनाही शिकवतो. बदल डिस्कवर लिहू का, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं, नुसतं एंटर दाबून काही पुसलं जात नाही. नानांनी तो प्रश्न तीनदा वाचून घेतला आणि मग ‘हो’चा नंबर दाबला. डेस्कटॉप म्हणून माटे निवडला, ४ जीबी रॅमला तो हलका पडतो.

पावणेदोन तासांनी मशीन पुन्हा सुरू झालं आणि लॉगिनच्या पडद्यावरच ऑर्का बोलला. आवाजात इन्स्टॉल केलं की बसलेल्या सिस्टिममध्येही आवाज तसाच राहतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नानांनी स्वतःचा पासवर्ड टाकला. त्या घरात तो पासवर्ड ठाऊक असलेलं दुसरं कुणी नव्हतं. दुकानातून आलेल्या मशीनला काय पासवर्ड होता, ते त्यांना कधी कळलंच नव्हतं.

उरलेली कामं

चौथ्या संध्याकाळी सुरुवातीची धून लावली. बसलेल्या लिनक्सचा स्वतःचा बूट मेनू असतो, त्याला ग्रब म्हणतात. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत सुरांची एक ओळ आधीपासून लिहिलेली असते, फक्त बंद ठेवलेली: ४८०, ४४०, १. म्हणजे मिनिटाला ४८० ठोके, ४४० हर्ट्झचा सूर, एक ठोका. एक ठोका म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, पंख्याच्या आवाजात तो विरून जायचा. नानांनी आकडे बदलून दोन सूर केले, एक खालचा, एक वरचा, प्रत्येकी अर्धा सेकंद. आता पॉवर दाबलं की ते दोन सूर वाजतात आणि घरातल्या पोरांनाही कळतं की नाना कामाला बसले.

बूट मेनूचा बाजूला ठेवलेला मुद्दाही याच वेळी सुटला. लिनक्समधून कमांड देऊन यूईएफआयचा क्रम ऐकता येतो, बदलता येतो, आणि ‘फक्त पुढच्या वेळी पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असंही सांगता येतं. मी लावलेला क्रम नानांनी स्वतः काढून टाकला. त्यांचं म्हणणं, कुणाचाही पेनड्राइव्ह लागला म्हणून मशीनने त्याच्यावरून सुरू व्हायला नको. बरोबरच आहे.

हिशोबाच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, सूत्रं चालली. जुनी डिस्क दुकानातून मागून आणली, तिच्यातून निम्म्या फाइली निघाल्या, बाकीच्या गवळ्यांच्या कार्डांवरून पुन्हा भरल्या. ऑर्का ज्यातून बोलतो त्या ईस्पीक एनजीचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पण आकडे स्वच्छ बोलतो, आणि दुधाच्या हिशोबात तेच लागतं.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्याचं कलम ४२ रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, असं म्हणतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. चर्चा मात्र वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅपपाशीच थांबते. पॉवरच्या बटणापासून डेस्कटॉपपर्यंतचा पट्टा कुणी हिशोबात धरत नाही. बायोस आजही सहसा बोलत नाही. नव्या पातळ लॅपटॉपांतून साधा बीपसुद्धा निघून चालला आहे, म्हणजे डेबियनने केलेली एवढी साधी सोयही तिथे मुकी पडते. कॉलेजसाठी, ग्रामपंचायतीसाठी मशीन विकत घेताना रॅम आणि डिस्कचे आकडे विचारतात. सुरू होताना ते वाजतं का, हेही विचारायला पाहिजे. त्याला पैसे पडत नाहीत.

पाचवी संध्याकाळ, फोनवर

चोपड्याला कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे, तिलाही दिसत नाही. तिच्या चुलतभावाने त्याचा वापरलेला लॅपटॉप तिला दिला होता. नानांनी आमच्या पेनड्राइव्हची एक प्रत एसटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली आणि फोनवर तिला सांगत बसले. मी शेजारी होतो, बोलत नव्हतो.

तिचं मशीन पातळ, त्याला बीपच नव्हता. बूट मेनूची कळ कुठली, हे भावाने एकदा पाहून सांगितलं. मग नाना म्हणाले, “बेटा, आता काही दाबू नको. माझ्याबरोबर मोज.” दोघं मोजू लागले. तिसापर्यंत गेले, काही नाही. चाळीस, पन्नास. मी अस्वस्थ झालो, पण माझा एंटर आठवून गप्प बसलो. मोजणी पॉवरच्या बटणापासून सुरू केली होती, मेनूचे ३० सेकंद त्यानंतर कधीतरी सुरू झाले असणार. सत्तरच्या पुढे फोनमधून तोच यंत्राचा आवाज आला आणि ती मोजता मोजता थांबली. तिच्या मशीनच्या साउंडला वेगळं फर्मवेअर, म्हणजे त्या भागाचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर, लागलं असेल तर तेही पेनड्राइव्हवर होतंच. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते अधिकृत प्रतींतच येतं. त्याआधी ते वेगळं मिळवावं लागायचं.

डिस्कची पायरी आली तेव्हा नानांनी तिला विचारलं, “दोन आकडे ऐकू येतील. मोठा कुठला?” तिने सांगितला. “तुझ्या भावाचं त्यात काही ठेवायचं आहे का, ते आधी विचार.” भावाचे फोटो होते. त्या दिवशी इन्स्टॉल झालं नाही. आधी फोटो काढून घ्यायचं ठरलं, आणि दोन दिवसांनी तिने ते एकटीने केलं. फोन आला तो झाल्यानंतर.

आता नानांकडे तीन पेनड्राइव्ह आहेत. तापवलेल्या सुईने त्यांनी प्रत्येकाच्या प्लॅस्टिकवर खाचा पाडल्या आहेत. एक खाच म्हणजे एनव्हीडीएची, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच विंडोजवर चालणारी प्रत. दोन म्हणजे डेबियन. तीन खाचांचा सध्या रिकामा आहे. केरळमध्ये अंधांसाठी उबुंटू माटेवर बनवलेली अ‍ॅक्सेसिबल कोकोनट त्याच्यावर टाकून पाहायची आहे. पुढच्या रविवारी नाना क्लासवर येणार आहेत, आणि येताना भरताची वांगी आणतो म्हणाले आहेत.